दक्षिणेचा पाहुणा

आमच्या घरात आकाशाकडे बघायची सवय कुणालाच नव्हती. बाबा बघायचे ते ढगासाठी. आई बघायची ती वाळवणावर कावळा उतरतोय का म्हणून. एरवी वर काय चाललंय याच्याशी आमचं काही देणंघेणं नसे. किन्हवलीच्या पुढे, काळू नदीच्या अलीकडे आमचं गाव. उन्हाळ्यात वीज दिवेलागणीला जायची ती जेवणंखाणं उरकल्यावर कधीतरी उगवायची. घरात उकडायचं म्हणून सगळं गाव आपापल्या खळ्यावर बाहेर. शेणाने सारवलेली जमीन दिवसभराचं ऊन पोटात ठेवून असायची, पाठ टेकली की खालून शेक लागायचा. आई अंधारातच तांदळाच्या भाकऱ्या थापायची. थापण्याचा तो आवाज, आमटीत पडलेल्या आंबोशीचा आंबट वास, डोंगराकडून रातव्या पाखराचं एका सुरातलं चुक-चुक-चुक. मला आजही उन्हाळा म्हटलं की ऊन आठवत नाही, हा अंधारच आठवतो. आता मी राहते तिथे वीज जात नाही आणि तारेही दिसत नाहीत. दोन्हींची सवय झाली आहे.

मला वर बघायची खोड लागली ती शाळेतल्या एका बाईंमुळे. मी तेव्हा लहान होते. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास उत्तरेकडे, मावळतीला जरा कललेला, एक मोठा शेपटीचा तारा रोज संध्याकाळी दिसायचा. बाईंनी आम्हाला शाळेच्या पटांगणात उभं करून तो दाखवला, तो बर्फाचा आणि धुळीचा गोळा असतो, सूर्याला फेरी मारून परत जातो, असं सांगितलं. मला ते पटलं आणि आवडलंही. घरी येऊन मी सगळ्यांना ओढून बाहेर नेलं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण सुनंदा, तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तिचं लग्न ठरलेलं होतं आणि ती दिवसभर उगाचच हसायची. तीही आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगला हाय गो." त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. मुलाचं भिवंडीला दुसरीकडेच जमलं होतं. त्याची त्यालाच लाज नव्हती, मग ताऱ्याला कशाला असेल? पण गावाला कारण लागतं, आणि माणसापेक्षा तारा बरा, तो भांडायला येत नाही. सुनंदाचं लग्न शेपटीच्या ताऱ्याने मोडलं, असं ठरून गेलं. पुढे स्थळं यायची, चहा प्यायची आणि वेशीपर्यंत जाता जाता कुणीतरी त्यांना ती गोष्ट सांगायचं.

अशी सात वर्षं गेली. ताई किन्हवलीला शिवणकाम शिकली, घरी मशीन आलं, गावातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हाताखालून जाऊ लागले. ती कमी बोलायला लागली होती. मग आईच्या भावाने, आमच्या आटगावच्या मामाने, टोकावड्याकडचं एक स्थळ आणलं. मुलगा अनंता, शहापूरजवळच्या एका कारखान्यात होता. त्याची आई तो लहान असताना गेली, तेव्हा त्याच्या आत्याने त्याला वाढवलं. या पारूआत्या. त्यांचा नवरा घरजावई होऊन राहिलेला, सदा हसरा आणि मुका म्हणावा इतका गप्प. घरात शब्द चालायचा तो आत्यांचा. अनंता मामाबरोबर दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्या खेपेला त्याने ताईच्या मशीनचा सुटलेला पट्टा बसवून दिला. हात काळे झाले ते अंगणात बसून धुतले आणि पाणी घालायला ताई गेली. एवढंच. पण त्या दिवसापासून ताई मशीनवर बसली की गुणगुणायची, हे मी ऐकलेलं आहे.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात दुसरा तारा आला. पेपरात वाचलं होतं, पण चांदणं होतं तोवर काही दिसलं नाही. चंद्र उशिरा उगवू लागला तशी एका संध्याकाळी वीज गेली आणि दक्षिणेच्या डोंगरावर, व्याधाच्या तेजस्वी ताऱ्याजवळ, मला तो सापडला. पहिल्यासारखा दिमाख नव्हता त्याचा. पाटीवर खडू बोटाने पुसला तर राहील तसा डाग, आणि त्याला आखूड शेपूट. मी खळ्याच्या कडेच्या लाकडी खांबाला, मेढीला, रोज पाठ लावून उभी राहायचे आणि हात लांब करून डोंगराच्या माथ्यापासून तो किती मुठी वर आहे ते मोजायचे. तो रोज थोडा वर चढायचा, थोडा पश्चिमेला सरकायचा. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, मला दुसरा उद्योग नव्हता. ताईला मी एकदाच म्हटलं, "ये ना बघायला." तिने मशीनवरून मानही वर केली नाही. "मी नाय बघनार. पयला बघितला तवा काय झाला, म्हाईत हाय ना?" मी बर्फ आणि धूळ सांगायला लागले, तशी ती म्हणाली, "आसंल बर्फ. तू बघ. मना नको दाखवू."

तिने नाही बघितला, पण बाबांनी घात केला. कुंकू लावायला मुलाकडची मंडळी आली, त्या दिवशी बाबा फार खुशीत होते. कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं, भाकऱ्या, सगळं व्यवस्थित झालं. पारूआत्यांनी ताईला जवळ बसवून तिच्या हातचं शिवण पारखलं आणि "टाका सरल हाय" म्हणून पावती दिली. आमच्यात याच्यावर कौतुक नाही. तेवढ्यात वीज गेली. पाहुण्यांची गैरसोय झाली म्हणून बाबांना काहीतरी भरपाई द्यावीशी वाटली असावी. ते म्हणाले, "चला खल्यावर, तुमाला एक गंमत दाखवतो. आमच्या येथनं लय साफ दिसतो." आई आतून खोकली, भांडं आपटलं, पण बाबा निघाले होते. घरची गाय दाखवावी तसा त्यांनी तो तारा दाखवला. पारूआत्या पदर सावरून बघत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं, "ही कंची दिशा?" बाबा म्हणाले, "दक्षिन. आमचा डोंगर दक्षिनंला हाय ना." आत्या त्यानंतर सुपारीही न घेता जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मामा आला. पाण्याचा तांब्या रिकामा करून खाली ठेवला आणि आईकडे न बघता म्हणाला, "आक्का, त्या म्हनतात, पोरगी पसंत हाय, सगला पसंत हाय. पन त्यो तारा जाईपर्यंत हलद नाय लावायची. यमाच्या दिशेला हाय म्हनतात." आता तारा जाईपर्यंत म्हणजे किती, हे कोण सांगणार? पुढे शुक्राचा अस्त, मग पावसाळा, लग्न गेलं थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर टोकावडे ते किन्हवली सगळ्यांना कळणार होतं की सुनंदाला दुसऱ्यांदाही तारा आडवा आला. पहिला उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. तिसऱ्यांदा स्थळ घेऊन कोण येणार होतं? बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ताई आणि मी आत पापड लाटत होतो. तिने हातातला पापड पूर्ण लाटला, उचलून सुपात टाकला, दुसरी लाटी घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "वने, मना ह्योच नवरा करायचाय गो." माझ्या आठवणीत ताईने स्वतःसाठी काही मागितलं ते तेवढंच. काय करावं ते कळेना, म्हणून मीही पापड लाटत राहिले.

तोडगा निघाला तो भागीबायकडून. भागीबाय आमच्या भागातली धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणून सगळे विधी लावून देणारी बाई. तिच्याशिवाय मांडवाची मेढसुद्धा उभी राहत नसे आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मशेरी लावलेलं तोंड, हातभर हिरवा चुडा, आणि कुणीही बोलत असलं तरी मधेच तोडायची सवय. मला ती कधीच आवडली नाही. ती आली, सगळं ऐकलं, पचकन थुंकली आणि म्हणाली, "येवढा सोपा हाय. त्याला आवतन द्या." लग्नाची पहिली बोलावणी आमच्याकडे देवांना, डोंगराला, नदीला, घरातल्या गेलेल्या माणसांना जातात. ती सगळी धवल्यात गाऊन दिली जातात, मग जिवंत माणसांचा नंबर. भागीबायचं म्हणणं असं की न बोलावता दारात उभा राहतो तो अपशकुनी, बोलावलेला आला तर तो पाहुणा. पाहुण्याला कुणी अपशकुनी म्हणतं का? ती स्वतः मामाबरोबर टोकावड्याला गेली आणि पारूआत्यांच्या ओसरीवर बसून तिने गाऊन दाखवलं. ते शब्द मला पाठ आहेत, कारण पुढे आठवडाभर ती ते सगळ्या गावाला ऐकवत हिंडत होती:

डोंगराला आवतन, नदीला आवतन,
शेपटीच्या ताऱ्या, तुला बी आवतन,
हलदीला ये रे, दादा, जेवून जा.

पारूआत्यांनी विचार केला आणि मान्य केलं. मात्र त्यांनी एक अट घातली. पाहुणा बोलावला तर तो आला पाहिजे. बोलावूनही आला नाही, तर तो रुसला असं समजायचं, आणि ते तर आणखी वाईट. मुलाकडची उष्टी हळद घेऊन त्या स्वतः येतील, पाहुणा डोळ्यांनी बघतील आणि मगच वाटी खाली ठेवतील. भागीबाय म्हणाली, "येल की. रोजच येतोय त्यो." सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून. कारण रोज मेढीला पाठ लावून उभी राहत होते मी, आणि मला दिसत होतं की तो चढता चढता डोक्यावर चाललाय, पश्चिमेकडे कलतोय आणि फिका पडतोय. हळदीच्या दिवसापर्यंत दक्षिणेच्या डोंगरावर तो असणार नाही, हे मी बाबांना सांगितलं, मामाला सांगितलं, भागीबायलाही सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाव्हना काय त्वांड फिरवून जातो व्हय गो, जेवायच्या आदी?"

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवावर जांभळीच्या डहाळ्या चढल्या, उंबराची फांदी वाजतगाजत आणून रोवली, चुलवणावर पातेली चढली. आणि तीनच्या सुमाराला आभाळात ढगांची गर्दी झाली. आता आमच्या शेतीचं असं आहे की पावसाआधी राब भाजावा लागतो. रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, काटक्या रचायच्या, वर माती पसरायची आणि ते सगळं सावकाश जाळायचं. त्याच्या राखेत बी पडतं. राब भिजला की पेटत नाही आणि त्या वर्षाचं रोप बुडतं. बाबांनी शेतातले राब भाजून घेतले होते, डोंगराच्या उतारावरचा नागलीचा तुकडा तेवढा राहिला होता. ढग बघून त्यांना धीर निघेना. ते गुपचूप गेले आणि राब लावून आले. आईने त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "पोरीची हलद हाय आनि तुमाला राब सुचतो?" बाबा म्हणाले, "हलद काय भिजनार हाय? राब भिजंल." ढग नंतर विरले. पण राब धुमसत राहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या दक्षिणेवर धुराचा पडदा ओढला गेला.

जीप आली तेव्हा दिवे लागले होते. त्या दिवशी नेमकी वीज होती. पारूआत्या उतरल्या, हातात हळदीची वाटी, वर पिवळं फडकं. मांडवात खुर्चीवर बसल्या आणि वाटी मांडीवर घेतली. पाटावर ताई बसलेली, पांढऱ्या साडीत, मान खाली. बेंजोवाल्यांनी एक गाणं वाजवलं. आत्या म्हणाल्या, "पाव्हना येउं दे." मग सगळे मांडवाच्या तोंडाशी जाऊन डोंगराकडे बघू लागले. धूर, आणि धुरापलीकडे काही नाही. मी आत्यांजवळ गेले आणि म्हटलं, "आत्या, तो वर सरकलाय. डोक्यावर असेल आता, पश्चिमेला. उजेडात दिसायचा नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "दक्षिनंला व्हता, मी बघितलाय. आवतनबी दक्षिनंला दिलाय. मग पश्चिमेला का जाईल त्यो?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कळण्यासारखी ती वेळ नव्हती. बेंजोचं दुसरं गाणं झालं आणि ते लोकही गप्प झाले. मटणाला खालून लागल्याचा वास आला. भागीबायने आवतणाचं गाणं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. मामा घाम पुसत होता. बायका आपसात कुजबुजू लागल्या, आणि ती कुजबुज काय असणार ते आम्हाला सात वर्षं पाठ होतं.

तेव्हा ताई पाटावरून उठली. हळदीला पाटावर बसवलेली पोर उठत नाही. का उठत नाही ते मला माहीत नाही, पण तोपर्यंत मी कुणाला उठलेलं पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. आई "गो, गो" करत पुढे झाली. ताई तिच्या बाजूने निघून मांडवाबाहेर गेली, सरळ खळ्याच्या कडेला, माझ्या मेढीपाशी, आणि तिने डोंगराकडे हात केला. "त्यो काय. आलाय."

आम्ही सगळे धावलो. डोंगराच्या उतारावर, धुराच्या आत, एक लालसर गोळा तेवत होता आणि त्यातून धुराची लांब शेपटी तिरकी वर गेली होती, खालून उजळलेली. तो आमच्या नागलीच्या तुकड्यावरचा राब होता. वाऱ्याने वरची माती ढासळून आतला विस्तव उघडा पडला होता. बाबांनी तो ओळखला, स्वतःच्या हातांनी लावलेला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तशी आईने त्यांचा दंड धरला. कुणीच बोललं नाही. तिथे उभं असलेलं प्रत्येक माणूस जन्मभर राब भाजत आलं होतं. ताई हात तसाच धरून उभी होती.

पारूआत्या मागून आल्या, वाटी छातीशी धरलेली. त्यांनी बराच वेळ डोंगराकडे बघितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "वने, तू रोज बघतेस म्हनं. खरा सांग. ह्योच का?"

खरा तारा त्या क्षणी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर कुठेतरी होता. मी वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "व्हय आत्या. ह्योच." त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही.

आत्यांनी मान हलवली, मांडवात गेल्या आणि वाटी पाटाशेजारी ठेवली. ताई परत येऊन बसली. बेंजो असा काही वाजला की मेढी हलल्या. पाहुण्याचं पान खळ्याच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून वाढलं: भात, वाल, लागलेलं मटण, वडे. ते शेजाऱ्यांच्या कुत्र्याने खाल्लं. भागीबाय म्हणाली, पाहुणा कुठल्या रूपात जेवतो ते आपण बघायचं नसतं. लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. तारा पुढे काही संध्याकाळी मला अंधारात पुसट दिसत राहिला, मग दिसेनासा झाला. मी त्याला शोधलंही नाही.

ताईच्या संसाराला आता वीस वर्षं उलटून गेली. बरा संसार झाला, भांडणं झाली, दोन मुलं झाली, मशीन अजून चालू आहे. हळदीच्या त्या संध्याकाळविषयी आम्ही दोघी कधीच बोललो नाही. ती राब बघून तसं म्हणाली, की तिला खरंच काही वाटलं, हे मी विचारलेलं नाही. मी मात्र मनाशी धरून होते की ते लग्न माझ्या एका शब्दाने तरलं. माणसाला अशी एखादी समजूत लागते.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे टोकावड्याला गेले होते. पारूआत्या आता फार थकल्या आहेत. ओसरीवर बसवलं की बसतात, डोळे मात्र चांगले आहेत. संध्याकाळ होत होती, समोरच्या डोंगरावर कुणाचा तरी राब धुमसत होता, आत ताई भाकऱ्या थापत होती. ताईची धाकटी आत्यांना चिकटून बसली होती आणि आईच्या लग्नाला तारा आला होता ती गोष्ट सांगा म्हणून मागे लागली होती. आत्यांनी ती रंगवून सांगितली, आवतण, वाटी, धूर, सगळं. पोरगी उठून आत गेली तशा त्या माझ्याकडे झुकल्या आणि डोंगराकडे हनुवटीने खूण केली.

"आला बघ पाव्हना," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"साता वर्साची व्हते तवापासनं राब भाजलाय मी. मना राब वलखायला येत नाय व्हय गो?"

"मग हळद दिलीत कशी?"

त्यांनी पायावरची गोधडी सारखी केली. "बोलून बसले व्हते ना. सगल्यांच्या म्होरं बोलून बसले, आता आपलीच जीभ कशी मागं घेनार? वाटी मांडीवर घेऊन मी तर मनात म्हनत व्हते, आरं कुनी तरी 'आला' म्हना रं. आनि कुनी म्हनंना. तू तर पश्चिमेला दाखवत व्हतीस." त्यांनी आत बघितलं. भाकरीचा आवाज येत होता. "मंग ती उठली."